रिकामी पुंगळी कोणी भरावी?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘रिकामी पुंगळी’ एवढेच शब्द सांगितले. त्यांना वाटले, हा कामगारांचा माणूस, रिकाम्या पोटावर काहीतरी रूपक करून बोलेल. तसे काही नाही. आम्ही बंदुकीच्या काडतुसाच्या खऱ्याखुऱ्या पुंगळीविषयीच बोलणार आहोत. बार उडाल्यावर जी मागे राहते, जी पोरे खेळायला उचलतात, ती पुंगळी. ती पुन्हा भरावी काय, आणि भरायची तर कोणी भरावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आमचे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढचे शिक्षण फौंड्रीत, ग्रंथालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. बंदुकीवर आमचे प्रभुत्व नाही. पण तापलेला धातू, धोक्याचे काम, कायद्याची कलमे आणि गरिबाचा हिशेब या चार गोष्टींशी तीस वर्षे आमची गाठ आहे, आणि या विषयात त्या चारही येतात.

हा विषय आम्हांला एका कामगाराने दिला. १ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणले. त्यानंतर या भागात घरोघरी बंदुकीचे नाव निघू लागले. पूर्वी पोरगे तालमीत जातो म्हणे, आता रेंजवर जातो म्हणते. आमच्या संघटनेत लेथवर काम करणारा एक सभासद आहे. त्याच्या मुलाने शॉटगनचा, म्हणजे उडत्या तबकड्या फोडण्याचा खेळ मनात घेतला. बापाने काडतुसांचा भाव काढला आणि तो चक्रावून गेला. मग त्याला कोठूनसे कळले की, अमेरिकेत लोक घरच्या टेबलावर रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “अण्णा, ते भरायचं यंत्र म्या लेथवर करतो की. एक दांडी आन् चार साचे, त्यात काय हाय? पोराला घरीच काडतुसं भरून दिली तर कुणाचं काय जातंय?”

आम्ही त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. पुढे वाचले, विचारले, आठवले, आणि मग दिले. तेच उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम खेळ समजून घेऊ. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जिवंत कबुतरे पेटीत कोंडून ठेवीत, झाकण उघडले की पाखरू उडे आणि श्रीमंत लोक पैज लावून त्याला टिपीत. १९०० साली पॅरिसच्या खेळांतही जिवंत कबुतरे मारली गेली. इंग्लंडने १९२१ साली असल्या खेळाला कायद्याने बंदी केली. त्याआधीच, १८८० साली, अमेरिकेतील सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगौस्की यांनी भाजक्या मातीची तबकडी काढली होती. पाखराचा जीव वाचला आणि खेळ राहिला. नाव मात्र अजून ‘मातीचे कबूतर’ असेच चालते. आजची तबकडी ११० मिलिमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजनाची, डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची असते. ‘ट्रॅप’ या प्रकारात नेमबाजापासून पंधरा मीटर पुढे एक खंदक असतो. नेमबाजाने आवाज दिला की त्यातून तबकडी सुटते. ती कोणत्या बाजूला जाईल हे त्याला ठाऊक नसते. ती शहात्तर मीटरवर जाऊन पडायची असते, आणि तेवढ्यात तिला फोडायचे असते. पात्रता फेरीला अशा १२५ तबकड्या. पॅरिसलाच स्कीट नावाच्या दुसऱ्या प्रकारात आपली मिश्र जोडी चीनपुढे ४३ विरुद्ध ४४ अशी हरली आणि चौथी आली. एका तबकडीने पदक गेले. अशा खेळात सरावाला पर्याय नाही, आणि सराव म्हणजे काडतुसे.

आता हिशेब मांडू. एका फेरीला पंचवीस तबकड्या. दिवसाला चार फेऱ्या धरा. काही तबकड्यांना दुसरा बार लागतो, म्हणून दिवसाची काडतुसे १२० धरा. वर्षातून दोनशे दिवस सराव. झाली २४,००० काडतुसे. हिशेबापुरता एका काडतुसाचा भाव पन्नास रुपये धरला, तर बारा लाख रुपये झाले. बंदूक, प्रवास, प्रशिक्षक अजून आलेच नाहीत. लेथवरच्या माणसाचा वर्षाचा पगार किती असतो, हे या सभागृहात आम्ही सांगायला नको. तेव्हा तो घरी पुंगळी भरू म्हणतो, यात त्याची हौस नाही, अडचण आहे. त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

काडतूस भरणे हे काम तरी काय आहे? शॉटगनच्या काडतुसात पाच वस्तू असतात. बाहेरची प्लास्टिकची पुंगळी, तिच्या बुडाशी पितळी टोपण. त्या टोपणाच्या मध्यभागी ठिणगी देणारी लहान टोपी. तिच्यावर दारू. दारूवर प्लास्टिकचा डाट. डाटावर छर्रे, आजच्या नियमाने चोवीस ग्रॅम, म्हणजे बारीक मिरीएवढे सुमारे तीनशे दाणे. शेवटी पुंगळीचे तोंड घडी घालून मिटतात. बार उडाल्यावर दारू, डाट आणि छर्रे जातात, पुंगळी उरते. मेलेली टोपी ठोकून काढली आणि नवी बसवली, की पुंगळी पुन्हा भरता येते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील रिचर्ड ली या गृहस्थांनी १९५८ साली आपल्या घरच्या कारखान्यात याचे एक लहानसे, स्वस्त साधन केले. तेव्हापासून तेथे लाखो लोक स्वयंपाकघराच्या टेबलावर हे काम करीत आले. आमच्या सभासदाने जे ऐकले ते खोटे नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्वप्नील कुसाळे ज्या .२२ रायफलने खेळतात, तिचे काडतूस असे भरता येत नाही. त्यात ठिणगीचा मसाला वेगळ्या टोपीत नसतो, तो पितळेच्या कडेच्या आत भरलेला असतो. घोड्याचा ठोसा बसला की ती कड चेपते आणि संपते. म्हणजे रायफलवाल्याला ही वाट मुळातच बंद आहे. घरच्यांनी कर्ज काढून त्यांना काडतुसे दिली, हे त्या वेळी वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. आपल्या राधानगरीच्या पदकामागे एक कर्ज उभे आहे, हे आपण विसरू नये.

आता कोणी म्हणेल, ही अमेरिकेची हौस. आपला तिच्याशी काय संबंध? संबंध जुना आहे. बार घरी भरणे ही गोष्ट या खोऱ्याला नवी नाही. दाजीपूरच्या रानात गवे, रानडुकरे, आणि रानाच्या कडेला आपली भाताची खाचरे. पीक राखायला माळ्यावर बसणाऱ्या शेतकऱ्याजवळ ठासणीची बंदूक असे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ठासणीच्या बंदुकीला पुंगळी नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. मागे टोपी चढवायची की बार तयार. अमेरिकन माणूस टेबलावर जे करतो, तेच आपला शेतकरी घोंगडीवर बसून करीत होता.

आमच्या चुलत्यांकडे अशी परवान्याची बंदूक होती. वीस-बावीस वर्षांचा त्यांचा हात बसलेला. दारू मोजायला त्यांनी बांबूचे एक पेर कापून ठेवले होते, त्या मापाबाहेर ते जात नसत. बार भरलेला आहे की नाही, हे पाहायला गजावर खूण असते. गज आत सोडायचा. खूण नळीच्या तोंडाशी आली तर नळी रिकामी, वर राहिली तर भरलेली. हे आम्हां पोरांना त्यांनीच शिकवले. एका पावसाळी रात्री खाचरात डुकरे आली. चुलते झोपेतून उठले, दारू मोजली, ठासली आणि डुकरे पळवायला आभाळाकडे बार काढला. तो संध्याकाळी एकदा भरून ठेवलेलाच होता. नळी फाटली. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे गेली. दवाखान्यात नेईपर्यंत उजाडले.

पुढे आम्ही फौंड्रीत लागलो, तेव्हा चुलत्यांनी तो हात आमच्यापुढे धरून विचारले, “यात चूक कुठली, सांग बघू.” आम्ही म्हणालो, तुम्ही गज घातला नाही. ते म्हणाले, “न्हाई. म्या एकटा हुतो, ही चूक. दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, दादा, बार भरलाय.”

या एका वाक्याने आम्हांला जे शिकवले, ते पुढे कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. कारखान्यातला अपघात नवख्याला होतो, असा समज आहे. पण वीस वर्षे तेच काम करणाऱ्यालाही तो गाठतो, कारण त्याचा हात विचारावाचून चालतो. म्हणून तर भट्टीवर दोन माणसे हवीत, ही मागणी आम्ही सारा जन्म करीत आलो. मालक म्हणतो, एकाचे काम दोघांना कशाला? आम्ही म्हणतो, एक काम करील आणि दुसरा बघेल. बघणे हेही काम आहे.

काडतूस भरताना हा दुसरा डोळा आणखी गरजेचा आहे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू काढली. जुन्या काळ्या दारूच्या मानाने ती थोडक्यात पुष्कळ जोर करते. शिवाय तिचे अनेक प्रकार. एकीचे माप दुसरीला चालत नाही. दारू दुप्पट पडली, किंवा एका डब्यातली दुसऱ्यात मिसळली, तर बाहेरून काडतूस तसेच दिसते. भरणारा चुकतो आज, आणि नळी फाटते महिन्याने, पोराच्या गालाजवळ. ठिणगीच्या टोप्या तर ठोक्यालाच पेटतात. एक खोली, एक गॅसची शेगडी, कोपऱ्यात देवघर आणि अंगणात खेळणारी पोरे असे आपले घर असते. अमेरिकेतल्या माणसाला त्यासाठी वेगळी शेड असेल, आपल्याला नाही.

आणि शिसे. छर्रे शिशाचे असतात. १७८२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स यांनी वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडून गोल छर्रे करण्याची युक्ती काढली. थेंब पडता पडता आपोआप गोल होतो, ही गोष्ट ओतकाम करणाऱ्याला सांगितली की तो खूष होतो. पण तो शिशाला भितोही. शिशाची धूळ हाताला लागते, हातावरून भाकरीला, भाकरीवरून पोटात. मोठ्या माणसाचे पोट आणि नसा ती बिघडवते. लहान मुलाची तर बुद्धी खुंटवते. आपल्या २४,००० काडतुसांत शिसे किती, ते मोजा: पाचशे शहात्तर किलो. एवढे शिसे एका खोलीच्या घरात वर्षभर हाताळायचे! उडाल्यावरही ते जमिनीत राहतेच. पाणपक्षी ते खडे समजून गिळतात आणि मरतात, म्हणून युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळीत शिशाचे छर्रे बंद केले. आपल्या लक्ष्मी तलावाच्या काठी राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. १९५८ साली, म्हणजे ली यांनी आपले साधन काढले त्याच साली, दाजीपूरचे रान गव्यांसाठी अभयारण्य झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. तबकडीच्या खेळाने एका जिवाला अभय दिले आणि दुसऱ्याच्या पाण्यात विष सोडले, असे होऊ नये.

राहिला कायदा. आम्ही कायद्याचे आंधळे भक्त नाही. हत्यारांच्या कायद्याचा जन्म कशातून झाला, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. १८५७ साली काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा की नाही, यावरून शिपाई बिथरले. ३१ जुलैला कोल्हापुरातही सत्ताविसावी पलटण उठली. पुढे १८७८ साली इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्याला सूट. तो कायदा भीतीपोटी झाला होता. १९५९ चा कायदा आपला आहे, आणि तो १९६२ पासून चालू आहे. त्यात विनापरवाना दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. इतकेच नव्हे, ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत तो तयार करण्याची यंत्रेही घातलेली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याची शिक्षा किमान सात वर्षांची झाली. आम्ही त्या सभासदाला म्हणालो, बाबा, पहिली पुंगळी भरायच्या आधीच, नुसती दांडी आणि साचे केलेस तरी तू आत जाशील, आणि पोरगे रेंजऐवजी तुरुंगाच्या दारात भेटीला येईल.

तो गप्प बसला. मग म्हणाला, “म्हंजे अण्णा, गरिबानं हा खेळ खेळू नये, असंच ना?”

हा खरा प्रश्न. धोका आणि कायदा सांगून आपले काम संपले, असे समजणारे लोक पुष्कळ आहेत. पण अडचण तशीच राहिली, तर नुसती मनाई ही श्रीमंतांची सोय होते. तेव्हा आमचे उत्तर असे की, पुंगळी भरावी; घरात भरू नये, आणि एकट्याने भरू नये.

हे आम्ही हवेत बोलत नाही. या जिल्ह्याने हे दुसऱ्या मालाबाबत करून दाखवले आहे. घरच्या एका म्हशीचे दोन लिटर दूध घेऊन कोणती बाई मुंबईच्या बाजारात जाऊ शकली असती? १९६३ साली जिल्ह्याचा दूध संघ, आपला गोकुळ, निघाला आणि ते दूध मुंबईला पोचले. त्यात दोन गोष्टी झाल्या. एक, एकट्याला न परवडणारे यंत्र सर्वांचे झाले. दुसरी, गावच्या डेअरीत प्रत्येकाच्या दुधाचे फॅट दुसरा माणूस तपासू लागला. त्याने कोणी अपमान मानला नाही. दुधाला जो दुसरा डोळा आपण दिला, तो दारूला द्यायला काय हरकत आहे?

काडतूस करण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. तेथील कामगारांच्या हातून १२ बोअरची काडतुसेही होत आली आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने देशातील एकेचाळीस आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या, आणि संपावर बंदी आणणारा कायदाही त्याच वर्षी झाला. त्यावर आमचे मत काय आहे, ते आपण ओळखालच; तो आजचा विषय नव्हे. विषय एवढाच की, खडकी आता कंपनीच्या हिशेबाने चालते. मग तिच्याकडे गिऱ्हाईक म्हणून, पण संघटित गिऱ्हाईक म्हणून जाता येईल. एक बाप शंभर काडतुसे मागतो, त्याला कोणी दारात उभे करीत नाही. जिल्ह्यातले सगळे बाप मिळून वर्षाची मागणी लिहून देतील, खेळाच्या मापाचे, चोवीस ग्रॅमचे काडतूस मागतील, रिकाम्या पुंगळ्या आणि रेंजवरचे शिसे गोळा करून परत देऊ म्हणतील, तर कारखान्याला ऐकावे लागेल. उद्या सहकारी संस्थेने रीतसर परवाना मागून, वस्तीपासून दूर, तपासनीस ठेवून भरणीची शेड काढायची म्हटली, तर तोही अर्ज करून पाहावा. नाकारला तर कारण लेखी मागावे. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ. तेवढी विद्या आम्हांला येते.

शेवटी एकच. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. त्यांना जाता यावे म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले, ही हकीकत कोल्हापुरात घरोघरी सांगतात. त्यानंतर बहात्तर वर्षांनी कांबळवाडीचे पदक आले, तेही कर्जावर. दोन्ही वेळा आपण मिरवणूक काढली, गुलाल उधळला आणि घरी गेलो. मधल्या बहात्तर वर्षांत गहाण टाकणारी घरे मात्र बदलली नाहीत. एका माणसाच्या त्यागाचे आपण फार कौतुक करतो. ते कौतुक करताना आपण स्वतः काय द्यायचे राहिलो, ते कोणी विचारीत नाही.

आमच्या सभासदाने लेथवर यंत्र केले नाही. त्याऐवजी त्याने एक वही घातली आहे. आपल्या भागातील ज्या मुलांना हा खेळ शिकायचा आहे, त्यांची नावे आणि वर्षाला लागणारी काडतुसे तो तीत लिहितो. आज सकाळी पाहिली तेव्हा तीत अकरा नावे होती. वही त्याने येथे आणली आहे, ती दाराशी टेबलावर आहे. ज्यांच्या घरी असे पोर असेल त्यांनी नाव लिहावे. ज्यांच्या घरी नसेल त्यांनी वर्गणीचा आकडा लिहावा.